नाहीचं काम

माझ्या मावशीला सगळे 'नन्नामावशी' म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, कारण आमच्या धुलाई कारखान्यात पाठीमागे बोलायला जागाच नव्हती. एकच लांबलचक खोली. एका टोकाला बॉयलर, दुसऱ्या टोकाला गठ्ठे चढवायचा दरवाजा आणि मध्ये इस्त्रीची सहा टेबलं. वाफेमुळे समोरचा माणूस धड दिसायचा नाही, पण कुजबुज मात्र या टोकाची त्या टोकाला स्वच्छ ऐकू जायची.

मी मावशीची बाजू घेणार आहे, हे आधीच सांगून टाकते. तिच्याशी आठवड्यातले पाच दिवस भांडणारी मीच होते, तेव्हा बाजू घ्यायचा हक्कही माझाच. बाकीच्यांनी तिला नावं ठेवली ती फुकटात ठेवली. तिने ते नाव कसं मिळवलं हे कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

कारखाना आधी एका मालकाचा होता. मालक म्हणून माणूस वाईट नव्हता. मारायचा नाही, शिव्या द्यायचा नाही. फक्त त्याला 'नाही' ऐकायची सवय नव्हती, आणि म्हणून कामगारांना म्हणायची सवय राहिली नव्हती. तो म्हातारा झाला, मुलांना साबणाच्या वासात रस नव्हता, तेव्हा अकरा कामगारांनी मिळून कारखाना चालवायला घेतला. ना कुणी मालक, ना कुणी नोकर. जो कपडे धुतो त्याला मत, आणि सगळ्यांची मतं सारखी. मावशी तेव्हा तिशीची होती. ती सांगायची, पहिल्या सोमवारी काम संपल्यावर ते अकरा जण उलट्या टोपल्यांवर बसून सभेला लागले, तेव्हा कुणाला घरी जावंसंच वाटेना.

पण झालं काय, की सभेत जो कुणी जे काही सुचवेल त्याला अकराच्या अकरा माना हलायच्या. भिंतीला निळा रंग द्यायचा? देऊ. पिवळा? तोही चांगला. मालक गेला होता, पण जाताना मान हलवायची सवय इथेच ठेवून गेला होता. अशाच एकमताने त्यांनी कपडे धुवायचं नवं मोठं यंत्र मागवलं. ते आलं आणि दरवाजापेक्षा हातभर रुंद निघालं. मग चौकशी केली तर कळलं, की दरवाजा लहान पडणार हे चौघांना आधीच माहीत होतं. बॉयलर सांभाळणाऱ्या काकांनी तर दोरीने मापही घेतलं होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"सगळे इतके खुशीत होते," काका म्हणाले. "म्हटलं, उगाच कशाला रसभंग?"

भीड भिकेची बहीण म्हणतात ते असं. भिंत फोडावी लागली. पंधरा दिवस काम बंद पडलं आणि दवाखान्याच्या चादरींचं काम दुसरीकडे गेलं, ते परत आलं नाही. त्या फुटक्या भिंतीसमोर बसून एक म्हातारे धुणेवाले म्हणाले, "झाडायचं काम असतं, गठ्ठे मोजायचं काम असतं, तसं 'नाही' म्हणायचंही एक काम ठेवा. दर महिन्याला एकाचा नंबर." आणि फळ्यावर कामांचे चार रकाने होते तिथे पाचवा आला: 'नाही'.

नियम साधा होता. ज्याचा नंबर असेल त्याने त्या महिन्यातल्या प्रत्येक सूचनेत खोट शोधायची आणि सभेत उभं राहून सांगायची. सूचना स्वतःला आवडलेली असली तरीही. त्याच्या बोलण्याला कुणीतरी उत्तर दिल्याशिवाय हात वर करून मतं घ्यायची नाहीत. आणि त्याचा राग धरायचा नाही, कारण बोलतंय ते काम, माणूस नव्हे.

कागदावर हे फार सुंदर होतं. पण माणसं घरी जातात, आणि घरी नियम चालत नाहीत. गाडीवाल्याचा नंबर असताना नेमका त्याच्याच मेव्हण्याला कामावर घ्यायचा विषय निघाला. त्याने नियमाप्रमाणे विरोध केला, आणि बायको पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून झोपली. शिवणबाई जिच्या शेजारी बसून डबा खायची, तिच्याच सूचनेवर तिला बोलावं लागलं, तर डबे वेगळे झाले. मग एकेकाच्या पोटात सोमवारीच दुखायला लागलं.

मावशी एकटी राहायची. "माझ्या घरी फुगून बसायला आहेच कोण?" असं म्हणून तिने गाडीवाल्याचा नंबर घेतला. त्याच्या बदल्यात तो तिचे ओले गठ्ठे उचलायचा, कारण तिचा उजवा खांदा दुखायचा. मग शिवणबाईचा घेतला. मग बॉयलरवाल्या काकांचा, ज्यांना सगळे भट्टीकाका म्हणत. पाचेक वर्षांत त्या रकान्यात बाराही महिने तिचंच नाव दिसायला लागलं, आणि पुढे तर दर महिन्याला ते पुसून लिहायचे कष्टही कुणी घेईना.

काम अंगावर घेतलं म्हणजे ते नीट करायचं, हा तिचा हट्ट. साबण बदलायचा विषय असला की ही तीन दुकानांत भाव विचारून यायची. पंखा कुठे लावायचा हे ठरण्याआधी स्टुलावर चढून माप घ्यायची. तिच्यामुळे बऱ्याच चुका टळल्या, पण टळलेली चूक दिसत नाही आणि अडवणारी बाई दिसते. सहलीला तिने विरोध केला, शिवणबाईला पन्नाशीची भेट द्यायला विरोध केला. करावाच लागला, ते तिचं कामच होतं. सहल गेली, भेट दिली गेली, आणि दोन्हीकडे मावशीला बोलवायचं राहून गेलं. ती चहा घ्यायला आली की बोलणं थांबायचं. तिने नन्नाचा पाढा लावलाय, बाई मुळातच कडू आहे, असं जुन्यांच्या जागी नव्याने आलेल्यांना सांगितलं जायचं. सांगणारे तेच, ज्यांचे नंबर ती भरत होती.

माझी आई गेल्यावर मी मावशीकडे राहायला आले, तेव्हा हे असं अठरा वर्षं चाललेलं होतं. मी बावीस वर्षांची होते. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक खिडकी, आणि ती उघडी ठेवायची की बंद यावरून पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. पुढे मिठावरून वाजलं, दिव्यावरून वाजलं, आणि मी लग्न कधी करणार यावरून तर दर आठवड्याला वाजायचं. माझा स्वभाव असा, की पटलं नाही तर गिळता येत नाही. तिनेच मला कारखान्यात लावलं, इस्त्रीच्या टेबलावर, एक वर्षाच्या उमेदवारीवर. वर्ष संपलं की सभा ठरवणार आणि मी सभासद होणार, मला मत मिळणार. तोवर सभेत मी मागच्या टोपलीवर गप्प बसायचं. गप्प बसणं मला किती जड गेलं असेल हे ओळखीच्यांना विचारा.

माझा बारावा महिना चालू असताना एका मोठ्या हॉटेलचं काम चालून आलं. चिटणीस खूश झाला. हा चिटणीस माणूस सरळ, हिशेब चोख, आणि दमलेला. पंधरा वर्षं सगळ्यांची समजूत काढून काढून त्याच्या कपाळाला कायमची आठी पडली होती. त्याने सोमवारच्या सभेत नवा विषय मांडला. काम वाढणार, माणसं लागणार, पण प्रत्येक नव्या माणसाला सभासद करत बसलो तर सभा कधी संपणारच नाही. तेव्हा यापुढे सभासद अकराच. नवी माणसं पगारावर ठेवायची. सांगितलेलं काम करायचं आणि घरी जायचं. "सुरुवात या मुलीपासून करू," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "तुझ्याविरुद्ध काही नाही हं. पगार चांगला देऊ."

मावशी उभी राहिली. "हे बरोबर नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापला. मी तिचा आवाज कापलेला कधी ऐकला नव्हता.

"झालं सुरू!" गाडीवाला म्हणाला, आणि सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते, सवयीचं होतं.

"मालकाला घालवून आपण..."

"मावशी, तुमचा विरोध लिहून घेतला," चिटणीस समजुतीने म्हणाला. "उत्तर असं, की काम वाढलंय आणि वेळ नाही. मतं पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी घेऊ." दोन वाक्यांत तिचं उत्तर देऊन झालं. कुणी मान वर करूनही बघितलं नाही.

घरी येताना मी तिला रस्त्यातच गाठलं. राग तर होताच, आणि रडूही येत होतं. "एकोणीस वर्षं उठसूट नाही म्हणून काय मिळवलंस? आज खरं म्हणालीस तर कुणाला कळलंसुद्धा नाही!" ती खाली बघत चालत राहिली. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी ती लवकर निघाली, मीही मागोमाग गेले. कारखान्यात भट्टीकाकांशिवाय कुणी नव्हतं. मावशीने ओल्या फडक्याने फळ्यावरचं स्वतःचं नाव पुसलं. इतकी वर्षं तिथे असलेलं नाव एका फडक्यात जाईना, दोनदा घासावं लागलं. मग तिने कपाटातून जुनी वही काढली, मूळचे नंबर कसे लावले होते ते पाहिलं, आणि पुढच्या महिन्यासमोर लिहिलं: भट्टी.

काका बॉयलरपाशी होते. त्या माणसाने आजवरच्या सभांमध्ये 'पाणी तापलंय' याखेरीज काही म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ते हात पुसत आले, फळा वाचला आणि मावशीच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"ताई, नेहमीसारखं करू या ना? मी तुमचे गठ्ठे..."

"नाही."

काकांनी जरा विचार केला. "हे कामातलं नाही, की खरं?"

"खरं."

त्यांचा चेहरा धुतल्या चादरीसारखा झाला.

आता खवळायची वेळ माझी होती. "माझं सगळं आयुष्य तू या माणसाच्या हातात देतेस? यांना तोंड उघडता येत नाही! आणि ते चिटणिसाच्या शब्दाबाहेर नाहीत. तू बोल, तुला येतं बोलता!"

"मी बोलले तर ते काम बोलतं," मावशी म्हणाली. "माझा शब्द झिजलाय गं. मीच झिजवला." ती टेबलाला टेकून बसली, आणि मग जे बोलली ते मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "मला वाटायचं मी यांच्यावर उपकार करतेय. एकेकाला अवघड जातंय, द्या माझ्याकडे. मालकाने यांची जीभ काढून घेतली होती. भिंत फोडून आम्ही ती परत आणली. आणि मी ती एकेकाकडून पुन्हा मागून घेतली. हौसेने. वर त्याच्या बदल्यात गठ्ठे उचलून घेतले. आता हे पगारी माणसं ठेवायला निघालेत आणि त्यात काय चुकतंय हे यांना सुचतच नाही. कसं सुचणार? सुचायचं काम माझ्याकडे होतं."

"म्हणजे तुझ्या चुकीची शिक्षा मला?"

"हो," ती म्हणाली. "तसं होऊ शकतं." एवढा खरेपणा मला त्या वेळी नको होता.

त्यानंतरचे दिवस भट्टीकाका बॉयलरशी बोलत होते. ओठ हलताना दिसायचे, शब्द ऐकू यायचे नाहीत. मध्येच माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. एकदा म्हणाले, "इस्त्रीची तार खराब झाली तर तू कुणाला सांगतेस?"

"चिटणिसांना."

"आणि त्यांनी ऐकलं नाही तर?"

"मावशीला."

"आणि मावशी नसती तर?"

मी म्हटलं, "तर हात भाजून घेते." ते मान हलवत बॉयलरकडे परत गेले. मला वाटलं, म्हातारा घाबरून भ्रमिष्ट झाला. मी दुसरीकडे काम शोधायलाही सुरुवात केली होती.

सोमवार आला. चिटणिसाने विषय वाचला, नीट समजावून सांगितला. हॉटेलचं काम, वाढलेले तास, लांबत जाणाऱ्या सभा. एकही शब्द खोटा नव्हता. मग त्याने सवयीने मावशीकडे पाहिलं. मावशी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. सगळ्यांच्या माना हळूहळू फळ्याकडे आणि फळ्यावरून बॉयलरकडे वळल्या.

भट्टीकाका उभे राहिले. टोपली त्यांच्या पायाला लागून घरंगळली, कुणी हसलं नाही.

"नाही," ते म्हणाले.

मग इतका वेळ गेला की मला वाटलं एवढंच होतं.

"मी मालकाकडे अकरा वर्षं होतो," ते म्हणाले. "त्याने मला कधी त्रास दिला नाही. पण एकदा बॉयलरची नळी फुटायला आली होती. मला दिसत होतं. मी सांगितलं नाही. आपल्याला विचारलं नव्हतं ना. विचारल्याशिवाय कसं बोलायचं? फुटली, आणि हे झालं." त्यांनी हातावरच्या भाजल्याच्या डागावर बोट ठेवलं. तो डाग आम्ही सगळे रोज पाहत होतो. तो कशाचा हे कुणी विचारलं नव्हतं. "ही मुलगी पगारावर राहिली की तीही सांगणार नाही. का सांगेल? आणि मग आपण कोण झालो? मला भट्टी सांभाळता येते. मालक व्हायला येत नाही, आणि या वयात शिकायचं नाही."

"काका, वेळेचा प्रश्न आहे हो," चिटणीस म्हणाला. "त्याचं काय?"

"वेळ जाईल," काका म्हणाले. "भिंत फोडायलाही गेला होता."

शिवणबाई म्हणाली, काकांचं मलाही पटतंय, आणि मग स्वतःच दचकली. गाडीवाला म्हणाला की त्याला मात्र पटत नाही, आणि का ते त्याने सांगितलं, आणि तेही अगदीच चुकीचं नव्हतं. त्या दिवशी पाऊण तास माणसं एकमेकांशी बोलली. मध्ये दोनदा आवाज चढले. मी मागच्या टोपलीवर बसून मावशीकडे बघत होते. ती एका बोलणाऱ्याकडून दुसऱ्याकडे नुसती बघत होती, परक्या गावात आल्यासारखी.

मतं घेतली. चिटणिसाच्या बाजूने चार हात वर आले, बाकीचे खाली राहिले. त्याने वहीत लिहून घेतलं, आठी तशीच होती, पण पेन ठेवताना तो म्हणाला, "आज पहिल्यांदा मला घसा कोरडा पडेपर्यंत उत्तर द्यावं लागलं." त्यात तक्रार कमी होती.

लगेच पुढचा विषय माझाच होता. उमेदवारीचं वर्ष संपलं, हिला सभासद करायचं का? मी मनातल्या मनात उठून उभीही राहिले होते. पण महिना अजून भट्टीकाकांचाच होता, आणि नियम तो नियम. काका पुन्हा उठले. माझ्याकडे त्यांनी माफी मागितल्यासारखं पाहिलं आणि सुरू केलं. ही उशिरा येते. परवा हिने कॉलर जाळली आणि वर इस्त्रीलाच शिव्या दिल्या. हिला पटकन राग येतो. आणि ही मावशीची भाची. घरचीच माणसं घेत गेलो तर बाहेरच्यांनी जायचं कुठे?

सगळं खरं होतं. माझे कान तापले. आणि आता कुणीतरी उत्तर द्यायचं होतं, त्याशिवाय मतं नाहीत. कुणी बोलेना. मुद्दाम नव्हे. पाऊण तासात त्यांची वर्षभराची शिदोरी संपली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा कुणी बोलेल. चिटणिसाने घड्याळाकडे पाहिलं. आईच्या माघारी मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

मग मावशी उठली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे ते काम नव्हतं, आणि त्यामुळे उभं राहून हातांचं काय करायचं तेच तिला कळेना. तिने ते पदराला पुसले.

"उशिरा येते, हे खरं," ती म्हणाली. "कॉलर जाळली, तेही खरं." पुढे तिला शब्द सापडेनात. कशाच्याही बाजूने बोलायची तिची सवयच मोडली होती. सगळे वाट बघत होते. "मला ती हवी आहे," ती शेवटी म्हणाली. "इथे. सभेत."

"का?" भट्टीकाकांनी विचारलं. त्यांना विचारणं भाग होतं.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, आणि ते तिने लपवले नाहीत.

"कारण इतक्या वर्षांत मी सगळ्यांना नाही म्हटलं, पण मला कुणी म्हटलं नाही. मी बोलले की सगळे उठून जायचे. ही जात नाही. समोर बसते आणि भांडते."

भट्टीकाकांनी मागे हात करून टोपली चाचपली. मग "पटलं," म्हणाले आणि खाली बसले.